गॅस संपला की गळला?

सुट्टीत गावाकडे निघायच्या आधी आमच्या घरी गाडीची तीन कामं ठरलेली असतात: चाकांत हवा, टाकीत पेट्रोल आणि एसीत गॅस. पहिल्या दोन कामांबद्दल कुणाचं दुमत नसावं. तिसरं कामही मी कित्येक वर्षं तितक्याच निष्ठेनं करत आलो. मार्च संपत आला की एसीचा वारा कोमट लागायचा. मी गॅरेजला जायचो, तिथला मुलगा बॉनेट उघडून दोन नळ्या लावायचा, गेजचे काटे हलायचे आणि दहा मिनिटांत जाळीसमोर धरलेला हात गार पडायचा. पैसे दिले की पुढच्या मार्चपर्यंत विषय बंद.

एका मे महिन्यात मात्र हा विषय बंद व्हायला तयार होईना. आम्ही कोसाडला राहतो. सुरत स्टेशन सोडून गाडी तापी ओलांडते, उत्राण जातं आणि मग कोसाड लागतं. गाव जळगावकडे, त्यामुळे रस्ता नेहमीचाच: बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट, साक्री आणि धुळे. व्याऱ्यापर्यंत गाडीत मुलं चादर मागत होती. घाट चढताना वाऱ्यातला गारवा गेला आणि साक्री येईपर्यंत चारही काचा खाली होत्या. बाहेरचा वारा तव्यावरून आल्यासारखा. बायको म्हणाली, "आठ दिवसांपूर्वीच भरला ना गॅस? मग संपला कसा?"

मला उत्तर देता आलं नाही. पेट्रोल संपतं कारण ते जळतं. काच धुवायचं पाणी संपतं कारण ते उडून जातं. एसीच्या गॅसला कोण जाळतं?

कुणीच नाही. गाडी कंपनीतून निघताना जो गॅस भरला, तोच वर्षानुवर्षं पुरावा अशी त्याची रचना असते. तो संपत नाही, गळतो. आणि पुष्कळदा गळतो तो एका वीतभर रबरी नळीतून.

माठ आणि लोचोची लारी

नळीकडे जाण्याआधी तो गॅस आत करतो काय, ते पाहू.

माठातलं पाणी गार होतं कारण माठ झिरपतो. बाहेर आलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना लागणारी उष्णता माठाकडून घेतं. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागतेच, ती जवळच्याकडून घेतली जाते आणि जवळचा गार पडतो. हातावर सॅनिटायझर घेतला की थंड वाटतं त्याचं कारण हेच.

आता पाण्याऐवजी असा द्रव घ्या की जो फार लवकर उकळतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असतो त्याचं नाव आर-१३४ए. मोकळ्या हवेत तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. म्हणजे आपल्या दृष्टीनं जी कडाक्याची थंडी, ती त्याच्या दृष्टीनं चुलीवरचा जाळ. त्याला द्रव म्हणून ठेवायचं तर दाबून, बंद भांड्यात ठेवावं लागतं. हे आपल्याला नवं नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये गॅस असाच द्रव होऊन बसलेला असतो. सुरतेत सकाळी लोचोच्या, म्हणजे वाफवलेल्या डाळीच्या नाश्त्याच्या, लारीवर मोठी शेगडी फुल्ल पेटलेली असते, तेव्हा खालच्या सिलिंडरकडे बघा. भर उन्हाळ्यात त्याच्या अंगाला घाम फुटलेला असतो. आतला द्रव भराभर वाफ होतोय आणि त्यासाठी लागणारी उष्णता सिलिंडरच्या पत्र्याकडून ओढतोय.

फरक एवढाच की लारीवरचा गॅस पुढे जाऊन जळतो. एसीला तो जाळायचा नसतो. वाफ झालेला गॅस परत गोळा करायचा, पुन्हा द्रव करायचा आणि पुन्हा उकळवायचा. सगळी कारागिरी या 'परत गोळा करण्या'त आहे.

एक बंद फेरी

डॅशबोर्डच्या मागे एक जाळीदार कॉइल असते, गॅरेजात तिला कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यात गॅस उकळतो आणि तिच्यावरून पंख्यानं ढकललेली हवा गार होते. तिथून निघालेली थंड वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. सायकलचा पंप मारताना त्याचं बूड तापतं, तशी दाबलेली वाफ चांगलीच तापते. ही तापलेली वाफ रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाते आणि बाहेरच्या वाऱ्यानं निवून पुन्हा द्रव होते. मग एक बारीक छिद्राचा व्हॉल्व्ह लागतो. त्यातून पलीकडे गेला की दाब एकदम पडतो, द्रव उकळू लागतो आणि फेरी पहिल्यापासून सुरू होते.

इथे कुणालाही अडखळायला होईल. बाहेर ४२ अंश ऊन आहे. त्या गरम वाऱ्यानं काही निवेल कसं? उत्तर कुकरमध्ये आहे. कुकरात दाब वाढला की पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दाब वाढला की उकळायचा आणि वाफेचं पाणी व्हायचा अंशही वर सरकतो. आर-१३४ए पुरेसा दाबला की तो ५० अंशांवरही वाफेचा द्रव व्हायला तयार होतो. पन्नासातल्याला बेचाळीसचा वारा गारच.

गॅरेजात दाब पीएसआयमध्ये मोजतात. गाडीच्या चाकात तीस-तेहतीस पीएसआय हवा असते. एसी चालू असताना कॉम्प्रेसरच्या अलीकडे, थंड बाजूला, साधारण तेवढाच दाब असतो. तो गेजचा निळा काटा. पलीकडे, गरम बाजूला, लाल काटा दीडशे ते अडीचशे दाखवतो, म्हणजे चाकाच्या पाच ते आठ पट.

या आकड्यांत माझ्या प्रवासाचं अर्धं उत्तर होतं. कंडेन्सरमध्ये गॅस ५० अंशांवर निवत असेल तर दाब पावणेदोनशेच्या आसपास राहतो. ऊन वाढलं, घाटात गाडीचा वेग मंदावला, समोरचा वारा कमी झाला आणि निवायचा अंश ६५ पर्यंत गेला, की तोच दाब अडीचशेच्या पुढे जातो. सुरतेच्या दमट पस्तिसात तग धरलेली नळी खानदेशातल्या कोरड्या चव्वेचाळिसात उघडी पडते ती अशी. खरं सांगायचं तर आमचा गॅस आठ दिवस थोडाथोडा गळतच होता. घाटानं फक्त ते चव्हाट्यावर आणलं.

मग रबर कशाला?

घरातला फ्रिज आठवून पाहा. तोही याच तत्त्वावर चालतो. पंधरा-पंधरा वर्षं चालतो आणि दर उन्हाळ्यात त्यात गॅस भरावा लागत नाही. मग गाडीलाच हे दुखणं का?

फ्रिजचा कॉम्प्रेसर त्याच्या मोटरसकट एका लोखंडी डब्यात कायमचा बंद केलेला असतो. त्याला जोडलेल्या नळ्या धातूच्या आणि झाळलेल्या, म्हणजे कुठे सैल होणारा सांधाच नाही. गाडीत तशी सोय नाही. इथे कॉम्प्रेसर इंजिनाला बोल्टनं जखडलेला आणि इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेलं, सतत थरथरणारं, गिअर बदलला की डुलणारं. कंडेन्सर मात्र गाडीच्या सांगाड्याला घट्ट. म्हणजे एक टोक नाचतंय आणि दुसरं जागचं हलत नाही. दोघांमध्ये अखंड ॲल्युमिनियमची नळी टाकली तर काय होईल? तार दहा वेळा इकडेतिकडे वाकवली की तुटते, तेच होईल.

म्हणून कॉम्प्रेसरच्या दोन्ही अंगांना, येणाऱ्या आणि जाणाऱ्या वाटेवर, रबरी नळीचा एकेक तुकडा द्यावाच लागतो. येणारी नळी जाड असते. थंड वाफ विरळ असते, तिला जागा जास्त लागते. जाणारी त्या मानानं बारीक, पण सगळा ताप आणि दाब तिच्या वाट्याला. सुनेसारखी, म्हणाली बायको. मी वाद घातला नाही.

नळीच्या पोटात सुरत

गावाहून परतल्यावर मी नेहमीचं गॅरेज सोडून कोसाडमधल्याच दुसऱ्या एका मेकॅनिककडे, भाऊंकडे, गेलो. ते मूळचे अमळनेरकडचे. गिऱ्हाइकाशी गुजराती, घरी अहिराणी, हाताखालच्या पोरांशी हिंदी. "काय व्हयनं, दादा?" एवढं विचारून त्यांनी बॉनेट उघडलं आणि गेज न लावता आधी नुसता हात फिरवला. एका नळीच्या टोकाशी बोट थांबलं. बोटावर काळी, चिकट धूळ आली.

"हे बघा, दादा. इथून जातोय."

गॅसला ना रंग ना वास, मग हे बोटावर आलं काय? तेल. कॉम्प्रेसरला लागणारं तेल वेगळ्या टाकीत नसतं. ते गॅसबरोबरच पूर्ण फेरीत हिंडतं. गॅस जिथून निसटतो तिथे तेलाचा पुसट थेंब मागे ठेवून जातो, त्यावर रस्त्याची धूळ बसते. शोध लावायची इतर साधनं आहेत: साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं, गॅस हुंगणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, किंवा निळ्या दिव्याखाली चमकणारा रंग आत सोडणं. पण त्यांचं बोट आधी पोचलं.

नंतर काढलेली जुनी नळी त्यांनी माझ्या आग्रहाखातर करवतीनं आडवी कापली. मला ती नुसती काळी रबरी नळी वाटत होती. आत चार थर निघाले. सगळ्यांत बाहेर ऊन, तेल आणि इंजिनाची धग सोसणारं जाड रबर. त्याच्या आत धाग्यांची घट्ट विणलेली वेणी. त्याच्या आत आणखी एक रबराचा थर. आणि सगळ्यांत आत, नखानं खरवडली तरच जाणवेल अशी नायलॉनची पातळ कातडी.

धाग्याची वेणी दाब पेलते. ती नसती तर नळी फुग्यासारखी फुगली असती. हा धागा पॉलिस्टरचा. पॉलिस्टर म्हटलं की आम्हा सुरतकरांना साडी दिसते. तोच धागा इथे अडीचशे पीएसआय पेलत बसलाय. पण वेणी गॅस अडवू शकत नाही आणि एकटं रबरही नाही. फुग्याची गाठ कितीही घट्ट मारली तरी चार दिवसांत तो मलूल होतो, कारण हवा रबराच्या कणाकणांमधून वाट काढते. गॅसही तसाच निसटतो. नायलॉनची कातडी आहे ती त्याला अडवायला. तरीही वर्षाला काही ग्रॅम जातातच. तेव्हा पाच-सात वर्षांच्या गाडीत गॅस थोडा कमी निघाला तर ते चालण्यातलं. आठवड्यात गेला तर ते फुटक्या घागरीत पाणी भरणं.

आमची नळी अशी झिरपून गेली नव्हती. ती गेली टोकाशी. रबरी नळीच्या टोकावर ॲल्युमिनियमची टोपी चढवून मशिननं दाबून बसवतात. रोज तापणं-निवणं करत रबर वर्षांनी कडक होतं, त्याची लवचीक पकड जाते आणि टोपी व रबर यांच्यात केसाएवढी फट पडते. वरून पाहिलं तर सगळं जागच्या जागी.

बरी गळती, वाईट गळती

मध्येच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तीवरून गॅरेजात पुष्कळ लोक घाबरून येतात. एसी चालू ठेवून गाडी उभी केली की खाली पाण्याचं डबकं साचतं. हे पाणी एसीतलं नाही, हवेतलं आहे. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसा कूलिंग कॉइलला येतो आणि नळीवाटे खाली सोडला जातो. सुरतेच्या खाऱ्या दमट हवेत हे डबकं चांगलं मोठं असतं. दमट हवेत ही गळती नसेल तर उलट चिंता करावी: बहुधा नळी तुंबलेली असते आणि तेच पाणी आत पायपोसावर उतरतं.

वीतभर नळी, दिवसभर काम

मला वाटलं होतं, दोन बोल्ट काढले, जुनी नळी काढली, नवी लावली, झालं. गाडी सकाळी नऊला दिली आणि संध्याकाळी मिळाली. बोल्ट खरोखर दोनच होते. बाकी वेळ न दिसणाऱ्या कामात गेला.

आधी आत उरलेला गॅस यंत्रानं ओढून टाकीत घेतला. हा टप्पा कधीच गाळायचा नाही. एसी बंद असला तरी तीस अंशांच्या दिवशी आतला दाब शंभर पीएसआयच्या जवळपास असतो. तशात सांधा सैल केला तर उसळून आलेला द्रव हातावर किंवा डोळ्यात जातो आणि तो पडल्या जागी उणे २६ अंशांना उकळतो. कातडी भाजल्यासारखी गोठते. म्हणूनच हे काम घरी पाना घेऊन करण्यातलं नाही. चष्मा, हातमोजे आणि गॅस ओढायचं यंत्र नसेल तर बॉनेटखाली नुसतं बघावं.

मग नळीचे सांधे. एका पान्यानं धरायचं आणि दुसऱ्यानं फिरवायचं, कारण ॲल्युमिनियम मऊ असतं. एकाच पान्यानं जोर लावला तर सांधा सुटण्याऐवजी पुढची नळी पिळवटते. नळी सुटताक्षणी दोन्ही तोंडांना त्यांनी टोप्या लावल्या. पोर एक टोपी विसरलं तर भाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला माझे शाळेतले ड्रिल मास्तर आठवले. का, ते पुढे सांगतो.

नवी नळी जुनीशेजारी ठेवून तपासली: लांबी, टोकांचा वाक, बोल्टचं छिद्र. बोटभर आखूड नळी बसते खरी, पण इंजिन डुललं की ताणली जाते. बोटभर लांब नळी गरम भागाला घासते. मूळ भाग मिळत नसेल तर जुनीच ॲल्युमिनियमची टोकं ठेवून मधला रबरी भाग नवा दाबून देतात. सुरतेत असं काम करणारी दुकानं आहेत आणि नीट केलं तर ते टिकतं. एकच पथ्य: रबर एसीच्याच नळीचं हवं. जेसीबीच्या हायड्रॉलिक तेलाची नळी दिसायला अगदी तशीच, दाबही कितीतरी जास्त पेलते. पण तिच्या आत गॅस अडवणारी नायलॉनची कातडी नसते. ती फुटणार नाही, झिरपत राहील.

सांध्यात बसतात त्या रबरी रिंगा, बहुतेक हिरव्या. त्या जुन्या परत वापरायच्या नाहीत. नवीन रिंगेला एसीचंच तेल चोपडून बसवायची. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर फेरीतलं तेल बिघडतं. जुन्या नळीतून जेवढं तेल सांडलं, तेवढं मोजून नवं घातलं. चमचा-दोन चमच्यांची ही बाब वारंवार नुसता गॅस भरणारे विसरतात. दर गळतीबरोबर थोडं तेल जातं. वर भरला जातो तो फक्त गॅस. चार उन्हाळे असं झालं की कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो आणि मग नळीच्या कैक पट खर्च समोर उभा राहतो.

पाणी तीस अंशांवर उकळवताना

आता टोपीची गोष्ट. एसीच्या फेरीचा सगळ्यांत मोठा वैरी धूळ नाही, ओल आहे. आतलं तेल हवेतली ओल अशी ओढतं की पावसाळ्यात बरणीतलं मीठ बरं. शिवाय व्हॉल्व्हच्या बारीक छिद्राशी तापमान शून्याखाली जाऊ शकतं. पाण्याचा एखादा थेंबही तिथे गोठून वाट अडवतो. गाडी गार होते, मध्येच गारवा जातो, बर्फ वितळला की पुन्हा गार होते, आणि मालक बुचकळ्यात पडतो. ओल, तेल आणि उष्णता एकत्र आली की आम्लही तयार होतं आणि ते ॲल्युमिनियमला आतून खातं. फेरीत ओल शोषणारी एक पुडी असते, तिला ड्रायर म्हणतात. फेरी बराच काळ उघडी राहिली असेल तर ड्रायरही बदलावा लागतो.

नळी बदलताना कितीही जपलं तरी सुरतेची हवा आत जातेच. ती काढायची कशी? व्हॅक्यूम पंप लावून. मला वाटायचं, पंप ती ओल चोखून घेतो. तसं नाही. लेहसारख्या उंच ठिकाणी डाळ शिजत नाही, कारण हवेचा दाब कमी असल्यानं पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं. हेच पुढे ताणा. दाब नेहमीच्या चोविसाव्या भागापर्यंत खाली आणला की पाणी ३० अंशांवर, म्हणजे गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीच्या तापमानालाच उकळतं. पंप तो दाब आणखी खाली नेतो, नळ्यांतलं पाणी उकळून वाफ होतं आणि ती वाफ पंपानं बाहेर पडते. याला वेळ लागतो. आमच्या गाडीला पाऊण तास पंप लावला होता. पाच मिनिटं 'व्हॅक्यूम मारून' देणारा फक्त हवा काढतो, ओल तिथेच राहते.

पंप बंद करून काटा हलतो का ते पंधरा मिनिटं पाहिलं. हलला नाही. मला वाटलं, पास. भाऊ म्हणाले, "एवढ्यावर नाही, दादा." व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा जास्तीत जास्त पंधरा पीएसआयनं आत ढकलते, घाटात आतला गॅस अडीचशेनं बाहेर ढकलणार. म्हणून त्यांनी कोरडा नायट्रोजन दीडशे पीएसआयपर्यंत भरला आणि प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. मग नायट्रोजन सोडला, पुन्हा पंप आणि शेवटी गॅस. वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर शेजारीच असतो, पण तो या कामाला कधीच लावायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

गॅस त्यांनी काट्यावर नव्हे, तराजूवर भरला. बॉनेटखाली एक स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. आमच्या लहान गाडीला अर्धा किलोही लागत नाही. त्याहून जास्त भरला तर गारवा वाढत नाही, घटतो: कंडेन्सर द्रवानंच भरून जातो, वाफेला निवायला जागा उरत नाही आणि लाल काटा चढतो. चहात साखर जास्त टाकण्यासारखं हे नाही, मात्र चुकतात सगळे त्याच हिशेबानं.

┌───────────────
चौकट: गॅरेजात उभं असताना

गॅस कमी आहे म्हणाले तर पहिला प्रश्न: कुठून गेला?

नळी बदलली तर रिंगा नव्या टाकल्या का आणि तेल किती घातलं, हे विचारावं.

व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालायला हवा. घड्याळ बघायला लाजू नये.

गॅस स्टिकरवरच्या वजनाइतका. "अंदाजे भरतो" म्हणणाऱ्याला नमस्कार.

हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावावा. कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीची रबरी सील तेलानं ओली राहिली तरच घट्ट बसते.
└───────────────

फुस्स

ज्या गॅरेजांत गॅस ओढून घेणारं यंत्र नसतं, तिथे सांधा सैल करतात आणि गॅस हवेत सोडून देतात. फुस्स असा आवाज होतो आणि काही दिसत नाही. त्या न दिसण्याची किंमत मोठी आहे. एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आमच्या गाडीतला ४०० ग्रॅम गॅस म्हणजे पावणेसहाशे किलो. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ते एक फुस्स अडीचशे लिटर पेट्रोलच्या बरोबरीचं. मी कित्येक उन्हाळे 'गॅस भरून' घेतला, त्याचा हिशेब मांडायचं टाळलं आहे.

गंमत अशी की हाच गॅस एकेकाळी सुधारणा म्हणून आला. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलमध्ये गाडीत एसी दिला तेव्हा सगळी यंत्रणा डिकीत होती आणि ती बंद करायची तर थांबून इंजिनाचा पट्टा काढावा लागे. तेव्हाचा गॅस आर-१२. तो ओझोनचा थर खातो हे कळल्यावर १९८७ च्या मॉन्ट्रिअल कराराद्वारे त्याला निरोप द्यायचं ठरलं आणि त्याच्या जागी ओझोनला न दुखवणारा आर-१३४ए आला. तो पृथ्वी तापवतो म्हणून आता त्यालाही निरोप आहे. त्याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार अशा गॅसांचा वापर आपल्याकडे २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं कमी करायचा आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींना आर-१३४ए चालत नाही. तिथे आर-१२३४वायएफ वापरतात. तो पृथ्वीला कमी तापवतो, पण थोडा ज्वालाग्राही आहे.

स्वस्त डब्यातल्या गॅसबद्दल एकच सांगतो. २०११ मध्ये जहाजांतून माल नेणाऱ्या काही थंड कंटेनरांचे स्फोट झाले, तीन कामगार गेले. आत आर-१३४ए म्हणून भरलेला गॅस भेसळीचा होता. त्यात मिथाइल क्लोराइड होतं. ॲल्युमिनियमशी त्याचा संयोग होऊन हवा लागताच पेटणारं रसायन तयार झालं होतं. गाडीच्या नळीची टोकं आणि कॉइलही ॲल्युमिनियमचीच असतात.

ट्रकांची पाळी

सुरत-धुळे रस्त्यावर साडीच्या गासड्या घेऊन जाणारे ट्रक आपल्याला नेहमी दिसतात. ड्रायव्हर नुसत्या बनियनवर, खिडकीला ओला पंचा. केंद्र सरकारच्या नियमानं २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांहून जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. फार उशिरा झालेली चांगली गोष्ट. पण डिझेल इंजिनाची थरथर मोटारीपेक्षा कितीतरी मोठी, केबिन वेगळी डुलते, इंजिन वेगळं आणि दिवसाला पाचशे किलोमीटर. नळी तिथेही रबरीच असणार. या रस्त्यावरच्या गॅरेजांनी गेजच्या जोडीला तराजू आणि व्हॅक्यूम पंप आताच घेऊन ठेवलेला बरा.

नळी बदलल्यावर पुढच्याच महिन्यात, पाऊस यायच्या आधी, पुन्हा गावाला निघालो. व्याऱ्याला चहाला थांबलो. गाडी चालूच ठेवली होती, आत आई झोपली होती. टपरीवरचा मुलगा वाकून बघत म्हणाला, "काका, गाडी नीचे पाणी टपके छे." बॉनेटखाली नव्हे, डाव्या बाजूला, चांगलं ताटाएवढं डबकं. मी म्हटलं, "टपकवा दे." त्याला माझं गुजराती आवडलं असावं, हसला.

साक्रीला पुन्हा थांबलो. तिथे ऊन जास्त, आत गारवा तेवढाच. गाडीखाली वाकून पाहिलं. इथे हवेतच पाणी नव्हतं. धुळीत चार-पाच थेंबांचे टिपके होते आणि तेही बघता बघता वाळत होते.